गव्हामागून नाचणी

पिठाच्या गिरणीत माझा नाचणीचा डबा ओळीतून बाजूला काढून ठेवलाय. माझ्यामागून आलेल्यांचे गहू आधी दळले जातायत. आईला गहू सोसत नाही, हे गिरणीवाल्या काकांना ठाऊक आहे. "सर, आत्ता टाकली तर गव्हाचं पीठ मिसळेल. बसा जरा," ते म्हणाले. मी बसलो नाही. फोन काढला, खिशात टाकला, परत काढला.

कॉलेजात मी हेच तर शिकवतो. संगणक क्षणभर हे काम करतो, क्षणभर ते, इतक्या झपाट्याने की सगळं एकदम चाललंय असं आपल्याला वाटतं. पण दुसरं काम घेण्याआधी तो पहिल्याचा सगळा पसारा जागच्या जागी नीट ठेवून देतो. त्या आवराआवरीत वेळ जातो. फार वेळा कामं बदलली, तर आवरण्यातच सगळा वेळ संपतो.

मी आवरतच नाही. पेपर तपासताना मीटिंग, मीटिंगमध्ये आईचं औषध, आईशी बोलताना पेपर. प्रत्येकात आधीच्याचं पीठ.

'मार्क कधी पाठवताय?' हा प्राचार्यांचा मेसेज वाचत होतो, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, मला नाटकात घेतलं."

"हो, उद्यापर्यंत पाठवतो," मी म्हणालो.

"काय पाठवतोस?"

गिरणी थांबली होती. काका कुंच्याने कोपऱ्याकोपऱ्यातलं गव्हाचं पीठ झाडत होते. त्यांचं झाडून होईपर्यंत मी फोन कानाला लावून बघत राहिलो. तीही फोन धरून होती.

मग म्हणालो, "पुन्हा सांग."