कशावरून मास्तर आणि ताईची गोळी

माझ्या भावोजींना शाळेत सगळे ‘कशावरून मास्तर’ म्हणायचे. विज्ञान शिकवायचे. हवेला वजन असतं असं पोरानं म्हटलं की हे विचारणार, “कशावरून?” पुस्तकात लिहिलंय म्हटलं, तर “लिहिणाऱ्याला कशावरून कळलं?” घरीही तीच तऱ्हा. मी ताईची धाकटी बहीण, तेव्हा मेव्हणीच्या हक्कानं तोंडावर म्हणायची, “भावोजी, आमची ताई चांगली हे लग्नाआधी कशावरून ठरवलंत?” ते म्हणायचे, “प्रयोग अजून चालू आहे.” ताई हसायची. मला मात्र तो माणूस तेव्हाही जरा अतीच वाटायचा.

दरवर्षी ते नववीच्या वर्गाकडून घेवड्याची रोपं वाढवून घेत. निम्म्या कुंड्यांना खताचं पाणी, निम्म्यांना साधं. कुठलीला काय, हे फक्त शिपायाला माहीत; खूण कुंडीच्या तळाशी. उंची मोजणाऱ्या पोरांनी ती बघायची नाही, मास्तरांनीही नाही. एका वर्षी एका मुलीनं कुंडी उचलून खूण पाहिली, आणि तेव्हापासून तिचं रोप तिच्या पट्टीवर अंमळ जास्तच भरू लागलं. पोरगी खोटारडी नव्हती. भावोजी तिला रागावले नाहीत, पण सगळ्याच कुंड्या त्यांनी कचऱ्यात ओतल्या. पोरं रडली. “एकदा कळलं की डोळे आपले राहत नाहीत,” एवढंच ते म्हणाले. चार रोपांसाठी एवढा आटापिटा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग ताई आजारी पडली. रक्ताचा आजार होता आणि नेहमीची औषधं हळूहळू निकामी ठरली. मोठ्या इस्पितळात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. बाकी उपचार सगळ्यांना सारखे. वर निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी. कोणाला कुठली, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. गोळी लागू पडते असं दिसलं, तर शेवटी उरलेल्यांनाही खरी मिळणार होती. भावोजींनी काही न लपवता हे सगळं ताईला समजावलं. ती म्हणाली, “म्हणजे मी आता तुमची कुंडी,” आणि सही केली.

ताईला उतार पडेना. रोजचा ताप भावोजी स्वतः बघून इस्पितळासाठी लिहून ठेवत. ती वाळत चालली तसा माझा धीर सुटला. एकदा स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. “तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे ना? फोडा एक गोळी. साधी असेल तर हिला बाहेर काढू, दुसरीकडे नेऊ.” ते म्हणाले, “असं बघायचं नसतं.” मी म्हटलं, “कुंडी नाही ती, बायको आहे तुमची.” तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

ताईनं मात्र स्वतःची समजूत काढली होती. “अगं, माझी साधीच असणार. म्हणून तर गुण येत नाही. प्रयोग संपेपर्यंत तग धरला की झालं, मग खरी मिळेल.” भावोजी खुर्चीत बसून ऐकत होते. आयुष्यभर जगाला कशावरून विचारणाऱ्या माणसानं मान डोलावली आणि तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

प्रयोग संपायच्या आतच ताई गेली.

पुढे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. गोळीचा फारसा उपयोग दिसला नव्हता. “हवं असेल तर त्यांना कुठली होती, ते आता सांगता येईल,” त्या म्हणाल्या. मी खुर्ची पुढे ओढली.

“खरी होती,” भावोजी म्हणाले.

बाई हातातला कागद तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. भावोजी वर्गात सांगावं तसं सांगू लागले. खऱ्या गोळीत एका क्षाराचा अंश असतो. ज्योतीत धरला की ज्योत लाल होते, नववीतली पोरंही ओळखतात. स्वयंपाकघरात मी बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोळी फोडली होती. “त्यानंतरच्या तापाच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत,” ते म्हणाले. “त्या धरू नका.”

बाहेर आल्यावर मी त्यांचा दंड धरला. “मला तरी सांगायचं होतंत.”

“तुझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असतं.”

मी रोज दुपारी ताईच्या उशाशी बसायची. “तुझी साधीच गं, थोडी कळ काढ,” असं म्हणायची आणि अगदी मनापासून म्हणायची. तेवढ्यासाठी त्यांनी मला अंधारात ठेवलं होतं आणि माझा अबोला सोसला होता. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण ताई शेवटच्या दिवशीही मला विचारत होती, खरी गोळी कधीपासून सुरू करणार म्हणून.