भीतीचा रकाना

मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा धुळ्याहून नानाच्या सुनेचा फोन आला. "आत्या, नाना उठत नाहीयेत..." मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "विमान कुठंय?" ती रडता रडता म्हणाली, "शेडमध्येच आहे, आत्या." माझा धाकटा भाऊ स्वतःच्या अंथरुणात, झोपेत गेला. आणि मी इतकी वर्षं आभाळाकडे बघून घाबरत बसले!

नाना धुळ्याच्या एका कॉलेजात पोरांना इंजिनं शिकवायचा. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. परवानग्यांचे कागद, इंजिन, पंख, पुढचा पंखा, एकेक जमत गेलं. मी तेव्हा रावेरहून त्याच्याकडे राहायला आले होते. माझं वय साठीपार, अक्कल सहाची.

ते इंजिन वाऱ्यानं थंड व्हायचं. समोरून आलेली हवा सिलिंडरला घासूनच गेली पाहिजे. फटीतून निसटली तर इंजिन तापतं, आणि वर गेल्यावर बंदही पडतं. म्हणून नाना भोवती पत्र्याच्या पट्ट्या बसवायचा, फटी रबरानं बुजवायचा, आणि विमान कडुनिंबाला दोरानं बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवायचा. आम्ही दोघं आत, तापमानाचा काटा माझ्या बाजूला. त्याचं लक्ष पंख्यावर आणि दोरावर. दर मिनिटाला आकडा वहीत लिहायचं काम माझं. मे महिन्याची झळ, तो आवाज, आणि सीट अशी थरथरायची की दातांवर दात आपटायचे. दोर तुटला तर?... अशात मी, शहाणी, प्रत्येक आकडा दहा-पंधरा अंश वाढवून लिहायची.

आमच्याकडे बस साडेसातची असली की बायका घरात सातची सांगतात. तसंच हे. इंजिन तापतं म्हटल्यावर हा उडणार नाही, असा माझा हिशेब. दोन महिने तो पट्ट्या काढत-घालत राहिला आणि मी आत चहा उकळत गालातल्या गालात हसत राहिले.

पण नाना पडला मास्तर. त्यानं ठरावीक तापमानाला वितळणारा खडू मागवला आणि सिलिंडरवर रेघ ओढली. वहीतला आकडा त्या तापमानाच्या वर गेला, तरी रेघ जशीच्या तशी. मग एके सकाळी, धावपट्टीवर, आत बसून पट्टा आवळताना तो खुशीत म्हणाला, "अक्का, कोडं सुटलं. काटाच जास्त दाखवतो. वर गेल्यावर पंधरा वजा करायचे, झालं!"

खरोखर तापलेल्या इंजिनाला तो थंड समजणार होता... माझ्यामुळे. मी दोन्ही हातांनी दार धरलं. तोंडाला अशी कोरड पडली की घरातली बोलीच बाहेर आली.

"काटा खरा शे, नाना. खोटी मी शे."

तो बघतच राहिला. "कितीनं?"

"जशी भीती वाटेल तशी. कधी दहा, कधी पंधरा."

नाना खाली उतरला. ओरडला असता तर बरं झालं असतं. चाकाशी उकिडवा बसला. "हे चुलीवरचं दूध नाही, अक्का," एवढंच म्हणाला. दोन दिवस माझ्याकडे चहासुद्धा मागितला नाही. तिसऱ्या दिवशी वही समोर टाकली. तापमानाशेजारी पट्टीनं नवा रकाना आखला होता, वर लिहिलं होतं, 'भीती'.

"इथं दहापैकी किती ते लिही. पलीकडे काटा दाखवेल तेच."

सगळ्या चाचण्या पुन्हा झाल्या. पहिल्या उड्डाणाला मी खाली वायरलेसपाशी बसले. तो वरून आकडे सांगत होता, बाजारात भाव सांगावा तितका शांत. काटा चढत चढत लाल रेघेपाशी आला... थबकला... आणि उतरू लागला. माझ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत दहाच दहा! तो उतरल्यावर मी म्हटलं, "मेल्या, तुला भीती कशी वाटत नाही रे?" मिशीवर हात फिरवत म्हणाला, "इंजिनावर विश्वास पाहिजे, अक्का."

पुढे मी रावेरला परतले, आणि तो एकटाच उडत राहिला. परवा धुळ्याला गेले तेव्हा शेडमध्ये त्याच्या सीटवर बसून ती वही चाळली. प्रत्येक उड्डाणासमोर तापमान. आणि शेजारी, जो रकाना माझ्यासाठी आखला होता, तो त्याच्या सुबक मास्तरी अक्षरात भरलेला. आठ. नऊ. नऊ. एकदा दहा, खाली दोन रेघा मारून...

म्हणजे त्या घरात खोटं बोलणारी मी एकटी नव्हते.