बापाच्या तोंडावर शिक्का

सुषमा गावित तशी भांडकुदळ नव्हे. नवापूरच्या डोंगरातली ही पोर नंदुरबारच्या एका संशोधन संस्थेत, संस्थेच्याच पुरातत्त्वाच्या मासिकाचे जुने अंक स्कॅन करायला लागली होती. कुणालाही घरबसल्या, फुकट वाचता यावेत म्हणून! शिंकून शिंकून नाक लाल व्हायचं, पण वाळवीने खाल्लेलं पानसुद्धा तिने हलक्या हाताने सपाट केलं. जीव ओतला होता तिने त्यात.

एका अंकात मणिबेली गावच्या दगडांचे फोटो निघाले. मेलेल्या माणसाच्या नावाने नर्मदेकाठी रोवलेले, घोडेस्वार कोरलेले दगड. गाव धरणात गेलं, दगडही गेले. एका फोटोखाली नाव ओळखीचं दिसलं, तशी सुषमाने बोटवाल्याकरवी निरोप धाडला आणि मणिबेलीची म्हातारी कालीबाई आली. दगड तिच्या बापाचा होता. तिच्या घरी लग्न निघालं की आधी त्या दगडापुढे मोहाच्या दारूची धार सोडायची, मगच नवऱ्याला हळद. गाव बुडाल्यापासून बिचारे होडीतून अंदाजाने पाण्यात धार सोडतात. आता नातवाचं लग्न होतं. फोटो मिळाला तर बाप घरी येणार होता.

सुषमाने कौतुकाने कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. घोडेस्वाराच्या तोंडावरून आडवं, ठसठशीत, संस्थेचं नाव! झाडून सगळ्या फोटोंवर तेच.

"हे काय लिवलंय?" कालीबाईने विचारलं.

"संस्थेचं नाव, आई."

"माझ्या बापाच्या तोंडावर? त्यांनी रोवला होता का तो?"

सुषमा तरातरा सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे चुडामण आप्पा. स्कॅन झाल्यावर शिक्का त्यांनीच मारलेला आणि तो काढायचा पासवर्डही त्यांच्याचकडे.

"फोटो आपला शे," आप्पा तिच्यामागून कॉम्प्युटरपाशी येत म्हणाले. "शिक्का नही मारा ते कोणीबी चोरी ली जाई."

"चोरी? कोण चोर, आप्पा?" सुषमाचा आवाज चढला. "तुमचा माणूस यांच्या घरी भाकरी खाऊन फोटो काढून गेला. यांना एक प्रत तरी पाठवलीत? आता गाव नाही, दगड नाही, उरला एवढा फोटो, आणि त्यावरही तुमचंच नाव? लाज कशी वाटत नाही हो!"

"अवं, नियम शे तो..."

"कुठला मेला नियम! फुकट द्यायचं म्हणून सभेत टाळ्या घेतल्यात ना?"

या दोघांचं काय चाललंय, त्याकडे कालीबाईचं लक्षच नव्हतं. तिने पदराआडून बाटली काढली, कॉम्प्युटरपुढे उकिडवी बसली आणि बापाचं नाव घेऊन धार सोडली. मोहाचा वास खोलीभर पसरला.

"अरे अरे! काय करी ऱ्हायनी ही बाई? नवी फरशी शे!" आप्पा ओरडले.

सुषमाने फडकं उचललं. "फरशी मी पुसते, आप्पा. आधी तुम्ही त्यांच्या बापाचं तोंड पुसा."

आणि आप्पा खुर्चीत बसून माउस हातात घेईपर्यंत तिने फरशीला हात लावला नाही.