सारवलेल्या अंगणातलं गोल्फ

सालवडला भाड्याच्या खोलीत राहत होतो, तेव्हा ह्यांना गोल्फचं खूळ लागलं. खूळ कसलं, डोंबल! सगळं अगदी गळ्याशी आलं होतं. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम संपत आलेलं आणि हे तिथे तात्पुरते ड्राफ्ट्समन. थोडेच लोक कायम होणार, बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा. आणि गुंडाळून आम्ही जाणार कुठे? साताऱ्याकडे, दिरांच्या घरी. त्याच घरातून माझं पहिलं बाळ डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो. बैलगाडी पोचायच्या आत ते गेलं. आता मला पुन्हा दिवस राहिले होते. इथे केंद्राच्या कॉलनीत दवाखाना होता, नर्स होती. मला बाई दुसरं काहीच नको होतं.

ह्यांचा गोरा साहेब रविवारी समुद्राकडच्या माळावर गोल्फ खेळायचा आणि जोडीला साइटवरचा एखादा माणूस घ्यायचा. आधी ज्या दोघांना घेतलं ते दोघेही कायम झाले. झालं! साइटवर सगळ्यांनी तेच गणित मांडलं. त्यामुळे साहेबाने ह्यांना "शिकून घे, मग तुला नेतो" म्हणत दोन जुन्या काठ्या आणि थोडे चेंडू दिले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

"लांब मारायला ताकद लागते, ती काही माझ्यात नाही," हे म्हणाले. "पण साहेब सांगतो, खरा खेळ शेवटच्या थोड्या पावलांत असतो. तेवढं शिकलो तरी बस्स."

मग अंगणात भोक म्हणून वाटी पुरली. ऑफिसातून आले की चहासुद्धा न घेता काठी हातात. मनगट हलवायचं नाही, खांदे तेवढे झुलवायचे, चेंडू गेला तरी मान वर करायची नाही. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत ओरडायची, "अहो, मान! मान वर केलीत पुन्हा!" दुरून चेंडू काठीने हलकेच उचलून टाकायचा असला, की मी गोणपाट अंथरायची. त्यावर पडला तर ठीक, नाहीतर कोंबड्यांत.

चेंडू खडबडीत जमिनीवर भरकटतो म्हणाले, म्हणून मी रोज सकाळी अंगण सारवायला लागले. शेणात चाळलेली माती घालून, हात फिरवून फिरवून अगदी गुळगुळीत. शेण घरमालकीण आजींच्या गोठ्यातलं. त्या डोक्याला हात लावायच्या. "बाय, पोटुशी हायस तू. सनवार नाय, काय नाय, आन रोज सारवतेस? नवरा येडा झालाय काय?"

"ऑफिसचं काम आहे हो आजी," मी सांगायची. पाठ मोडून यायची, पण चेंडू नुसता टेकवला तरी सरसर वाटीत जायचा. ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसायचं. मला वाटलं, जमलं आता.

साहेब ह्यांना नेणार होता तो रविवार आला. सकाळी गेलेले हे दुपारी परतले, ते एक चकचकीत काठी घेऊन. मी पाणी दिलं आणि तोंडाकडे बघत उभी राहिले.

"तिथे भोकाभोवती वाळू असते, उडू नये म्हणून तेलात कालवलेली," हे सांगू लागले. "चेंडू पुढे सरकतच नाही गं. आपल्या अंगणाची सवय ना हाताला! प्रत्येक चेंडू अलीकडेच थांबला. जोरात मारावं तर हात धजत नव्हता."

एवढं जीव तोडून गुळगुळीत केलं, ते ह्याच्यासाठी?

"पण साहेब चिडला नाही हां," हे घाईघाईने म्हणाले. "उलट पाठ थोपटली. स्वतःची काठी दिली मला. कुणाला देतो का तो अशी? म्हणाला, हात चांगला आहे तुझा, गावी गेल्यावरही सराव सोडू…"

हे बोलता बोलता थांबले. साहेब काय म्हणाला होता, ते त्यांनाही तेव्हाच ऐकू आलं. मी पोटावर दोन्ही हात धरून उंबऱ्यातच बसले.