काट्यासमोरची खुर्ची

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. आणि मी म्हणजे कोण — ज्याच्या पोटात मित्राच्या बर्थडेचं सरप्राइजसुद्धा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तरी हे टिकलं. तू म्हणशील, एवढं काय केलंस? सांगतो. फक्त मला जरा फिरून फिरून यावं लागणार आहे. सरळ आलो तर मध्येच जोक मारून सटकेन, मला माझी सवय माहितीये.

आधी पप्पा. पप्पा एसटीत कंडक्टर, खोपट डेपोला. ज्याने आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली त्याला दुनिया कशी दिसते? सगळी विनातिकीट. दूधवाला पाणी घालतो. इस्त्रीवाला शर्ट स्वतः घालून मग देतो. शेजारचे आपल्याकडे बघून हसले — म्हणजे काहीतरी हवंय. पण एक मात्र होतं. पप्पांची मेमरी. गाडी खच्चून भरलेली असली तरी कोणाचे सुट्टे द्यायचे राहिलेत हे त्यांना तोंडपाठ. बाकीचे कंडक्टर तिकिटाच्या मागे लिहून देतात, पप्पांनी कधी लिहिलं नाही. "माझं डोकं आहे ना," म्हणायचे. त्या डोक्याचा त्यांना भारी माज होता. आणि त्याच डोक्याची भीतीपण. कारण आजोबा — पप्पांचे वडील — शेवटी शेवटी पप्पांनाच विचारायचे, तुम्ही कुठले? हे लक्षात ठेव.

आता मी. मी आवाज काढतो. मुरबाडच्या शाळेत असताना दाराआडून हेडमास्तरांच्या आवाजात "वर्ग सोडा" म्हटलेलं, आणि आख्खी नववी दप्तरं घेऊन घरी गेलेली. छडी मिळाली, पण शाळेत नाव झालं. पुढे आम्ही ठाण्याला आलो, खोपटला भाड्याने राहिलो, मी मोबाईलच्या दुकानात लागलो, तरी धंदा तोच — आवाज. सगळ्यात झकास कोणाचा जमायचा? पप्पांचा. आई पीठ मळता मळता सांगायची, "कर ना रे ह्यांचा." मी करायचो, आई हसून हसून पदराला डोळे पुसायची. पप्पासुद्धा हसायचे. अगदी थोडंसं. फुकट देत असल्यासारखं.

मग घर आलं. कल्याणच्या पुढे, टिटवाळ्याच्या रस्त्याला पप्पांनी जागा घेऊन ठेवलेली, तिथे बांधायला काढलं. भिंती उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या लाइनचं काम दिलीपमामाला दिलं. दिलीपमामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, डोंबिवलीत प्लंबर. आईनेच हट्ट धरला — घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? पप्पा हो म्हणाले. पण पप्पांचं हो कसं असतं ते मी काय सांगू.

सगळा माल — पाइप, पाइप वळवायचे एल्बो — पप्पांनी स्वतः कल्याणच्या मार्केटमधून आणला. का? मामाने आणला तर तो मध्ये खाईल. आणि मामा? तो प्रत्येक पाइप हातात घेऊन त्याच्यावरचा छाप अंगठ्याने घासून बघायचा. का? दाजींनी स्वस्तातला डुप्लिकेट उचलला असेल. संध्याकाळी मामा निघाला की पप्पा त्याच्या बॅगेकडे बघून म्हणायचे, "काय प्लंबरसाहेब, आज किती एल्बो घरी?" आणि मामा चेन उघडून बॅग पुढे करायचा. "बघा ना दाजी, हात घालून बघा. डबा पण उघडा, भाजी राहिलीये थोडी." दोघं हसायचे. पण पप्पा बघायचे, बरं का. हसता हसता बघायचेच.

नावाने पप्पांनी त्याला कधी हाक मारली नाही. कायम प्लंबरसाहेब. मामा आईच्या लग्नात बारका होता, तेव्हापासून दाजी, दाजी करत मागे फिरायचा. पप्पांना तो कायम उडाणटप्पू वाटला. मला वाटतं, त्याला ते कळत होतं.

मामाची एक पद्धत होती, इथेच सगळं अडकलंय म्हणून सांगतो. भिंतीत झिऱ्या पाडायच्या, त्यात पाइप बसवायचे, सगळी तोंडं डमी लावून बंद करायची. मग लाइनमध्ये पाणी भरून हातपंपाने प्रेशर द्यायचं. पंपाला प्रेशर दाखवणारा काटा असतो. दिवसभर काटा जागेवर राहिला तर लाइन पक्की. खाली आला तर कुठेतरी गळतंय. सगळेच चांगले प्लंबर करतात हे. पण मामाचा वरून एक नियम — काट्यासमोर घरच्या माणसाने बसायचं. सकाळी प्रेशर दिल्यापासून संध्याकाळपर्यंत. तो स्वतःची लाल प्लास्टिकची खुर्ची बाइकला बांधून आणायचा त्यासाठी. म्हणायचा, "नंतर कोणी म्हणायला नको, दिलीपने मध्येच गुपचूप पंप मारला. आणि नात्यात तर बसायचंच." त्याशिवाय तो भिंत बुजवायचाच नाही. सख्ख्या बहिणीची असली तरी.

आमच्या घरातून बसणार कोण? पप्पांची नाइट ड्युटी, दिवसा झोप. आईला दमा, सिमेंटची धूळ चालत नाही. उरलो मी. आणि दिवस कुठला निघाला? दहीहंडीचा.

त्या दिवशी टेंभी नाक्याच्या मोठ्या हंडीला एका पोराने मला माइक देतो म्हणून सांगितलेलं. दोन पथकांच्या मध्ये, पब्लिक थांबलेलं असतं तेव्हा. एवढं पब्लिक! आणि मी काय करणार? ओल्या भिंतीत खुर्ची टाकून काटा बघणार? हलला का? नाही हलला. आता? आता पण नाही.

सकाळी पप्पा नाइट करून येऊन झोपलेले. त्यांचा फोन चार्जिंगला. मामा साइटवर पोचलेला, माझी वाट बघत.

मी पप्पांच्या फोनवरून मामाला फोन लावला. पप्पांच्या आवाजात.

जमलं रे. इतकं जमलं की माझ्याच अंगावर काटा आला. म्हटलं, ते टेस्टिंग बिस्टिंग राहू दे, प्लास्टरवाला उद्यापासून गावी चाललाय, आजच बुजवून टाक. पोराला मी सांगतो, घरी थांब. मामा म्हणाला, "नाही दाजी, काट्याशिवाय मी बुजवत नाही." अडला! आता काय बोलायचं? मला घाई होती. जे पहिलं तोंडात आलं ते बोललो —

"अरे दिलीप, माझा विश्वास आहे तुझ्यावर."

पलीकडून काहीच नाही. मला वाटलं ओळखलं. मग नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि मामा एवढंच म्हणाला, "बरं दाजी." फोन कट. मी पप्पांच्या फोनमधून तो कॉल उडवला आणि टेंभी नाक्याला गेलो. माइक मिळाला. पप्पांचाच आवाज काढला, "पुढे सरका, पुढे सरका, गाडी रिकामी आहे!" पब्लिकने शिट्ट्या मारल्या.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "काटा?"
मी म्हटलं, "जागचा हलला नाही पप्पा."

इथपर्यंत काय, मस्करी म्हणून खपलं असतं. माझा गुन्हा हा नाहीच. हा नुसता हलकटपणा.

दसऱ्याला राहायला गेलो. दिवाळीत हॉलच्या भिंतीला — जिच्या मागे किचन आहे — पोपडे आले. मग पप्पांचा सीझन सुरू. आधी रंगवाल्यावर संशय. मग गवंड्यावर, वाळू खारी वापरली म्हणून. मग शेजाऱ्यांच्या बागेच्या पाण्यावर. माझ्यावर? एकदाही नाही. तू विचार कर, जो माणूस दुधावर संशय घेतो, त्याने माझ्यावर घेतला नाही.

शेवटी मामाने येऊन भिंत फोडली. आत एका एल्बोला चिकटवायचं सोल्युशन नीट लागलेलं नव्हतं, थेंब थेंब गळत होतं. मामाने बघितलं आणि लगेच म्हणाला, "माझ्या हातून राहिलंय दाजी." एवढं सोपं असतं कबूल करणं. मी समोर उभा राहून बघितलं.

पण पप्पा पेटलेले. "मग काटा कसा नाही हलला? पोरगा दिवसभर बसला होता ना?"

मामा म्हणाला, "कोण बसलं? तुम्हीच फोन करून नको म्हणालात ना टेस्ट."

"मी? मी फोन केला?"

मामाने फोन काढला. महिने झालेले, पण शोधत शोधत त्याने काढलाच. दाजी, दहीहंडीचा दिवस, सकाळ. पप्पांनी तो फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला. मामा म्हणत होता, "तुम्ही म्हणालात पोराला मी सांगतो. तुम्ही म्हणालात विश्वास आहे. म्हणून मी, नाहीतर मी कधी..."

आणि पप्पा माझ्याकडे वळले. ओरडून नाही. गाडीत एखाद्याला हळूच विचारतात ना, तुमचं तिकीट झालंय का — तसं. "काय रे, मी तुला जाऊ नको म्हणालो होतो?"

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. मी म्हटलं, "हो पप्पा. झोपेतून उठून म्हणालात."

"आणि संध्याकाळी तू मला सांगितलंस, काटा हलला नाही."

"मी? मी असं कधी बोललोच नाही पप्पा."

हे आहे ते. हेच सांगायचं होतं. आवाज त्यांचा चोरला ते एक वेळ सोड — मी त्यांच्या डोळ्यात बघून त्यांचं डोकं चोरलं.

पप्पा खाली बसले. फोडलेल्या भिंतीतली माती पडलेली, तिच्यावरच. मग आईला म्हणाले, "अण्णांचं असंच सुरू झालं होतं ना गं?" अण्णा म्हणजे आजोबा.

पुढच्या रविवारी पप्पा एकटे डोंबिवलीला मामाकडे जाऊन आले. मामीकडून कळलं — पप्पा दारातच म्हणाले, "मी म्हणालो असेन. हल्ली राहत नाही लक्षात. पण म्हणालो असेन तर खरंच म्हणालो असेन." मामा लहान पोरासारखा रडला म्हणे. आता तो साइटवर सगळ्यांना सांगत फिरतो, आमचे दाजी कोणावर विश्वास ठेवत नाहीत, फक्त माझ्यावर. पप्पा त्याला दिलीप म्हणतात आता. खोटं बोललो म्हणून चांगलं झालं असं म्हणणाऱ्याच्या मी कानाखाली देईन, आधी माझ्याच.

कारण पप्पांनी तिकिटाच्या मागे लिहायला सुरुवात केली. गॅस बंद केला का, हे दोनदा विचारतात. आणि संशय घेणं सोडलं. पूर्ण. दूधवाल्याला म्हणतात, तुम्ही सांगाल तेवढे लिटर. त्यांची तपासणी संपली, आता मीच सगळ्यांवर संशय घेत बसतो. मामा एकदम गप्प का झाला? आई मघाशी माझ्याकडे का बघत होती?

आईचं तर नक्कीच काहीतरी आहे. एकदा पीठ मळताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांनी आयुष्यात त्याला दिलीप म्हटलं नव्हतं. त्या दिवशी फोनवर एकदम कसं म्हटलं?" मी पाणी पीत होतो, पीतच राहिलो. त्यानंतर आईने मला कधीच सांगितलं नाही — कर ना रे ह्यांचा.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर बाथरूम काढलं. मामानेच लाइन टाकली. डमी लावल्या, प्रेशर दिलं, लाल खुर्ची मांडली. मी बसायला गेलो तर पप्पा म्हणाले, "नको, मी बसतो. तू फक्त इथे थांब."

दिवसभर बसले. चहा तिथेच, जेवण तिथेच, नजर काट्यावर. थोड्या थोड्या वेळाने माझा हात धरून विचारायचे, "मघाशी पण इथेच होता ना रे?"

"हो पप्पा, इथेच होता."

"नक्की?"

"नक्की."

मान हलवायचे, परत काट्याकडे बघायचे, आणि परत माझ्याकडे वळायचे. काटा सकाळपासून तसूभरही हलला नव्हता.