मी कंप्युटरचा दसरा काढला

आमच्या पाथरीकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं झाडून सगळं सामान अंगणात आणायचं, भिंती झटकायच्या, डबे घासायचे, गोधड्या कॅनॉलवर नेऊन आपटायच्या आणि मग एकेक वस्तू पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. तीन दिवस कंबर मोडते. हे गेले त्या वर्षी आमच्याकडं घट बसणार नव्हते, वर्षाच्या आत सण करत नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "यंदा कशाला दमायलीस? राहू दे की." मी ऐकलं नाही. हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं, आणि त्या दिवसांत माझं डोकं चालू न देणंच बरं होतं.

हे म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, यांना कंप्युटरचा नाद लागला. परभणीहून एक जुनं मशीन आणलं आणि त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं. फुकट मिळतं, व्हायरस लागत नाही आणि म्हाताऱ्या मशीनवरही पळतं, ही तीन कारणं ते आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवायचे. एकाच खोलीत मी ब्लाउज शिवायची आणि पाठीमागं यांची टकटक चालायची. मी पुष्कळ कटकट केली त्या डबड्यावरून. तरी हळूहळू मलाही शिकवलं त्यांनी, शिव्या न देता. मास्तर म्हणून तेवढा गुण होता.

माझी बीपीची गोळी रोज राहून जायची. मग यांनी कंप्युटरला वेळ लावून दिली. नऊ वाजले की टुंग असा आवाज व्हायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी यायची, "गोळी घेतली का? खरं सांग." मी मान वळवून पाहायची, हे शेजारी बसून पेपर वाचत असल्यासारखं दाखवायचे. तोंडानं विचारायला काय झालं होतं, असं मी म्हणायची. "तोंडानं इचारलं की तू चिडतीस," असं उत्तर.

शेवटच्या हिवाळ्यात ते रोज थोडा वेळ तसल्याच चिठ्ठ्या भरत बसायचे, वर्षभराच्या तारखांच्या. मी वाकून पाहायला गेले की हात आडवा. "वर्ष सरूस्तोवर कळंल तुला," म्हणायचे. फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना खाली बसले ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर पेन्शनचे कागद काढायला मी मशीन सुरू केलं. नऊ वाजले. टुंग झालं. "गोळी घेतली का? खरं सांग." मी भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं रडले, आणि मग उठून गोळी घेतली. त्या दिवसापासून सकाळी चूल पेटायच्या आधी कंप्युटर सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला बंद. मधल्या तारखांच्या चिठ्ठ्या कधी येतील त्याचा नेम नसायचा. मे महिन्यात आली, "कैऱ्या आल्या आसतील बाजारात. लोणच्यात मीठ बेतानं." लग्नाच्या वाढदिवसाला आली, "आज काय हाय, सांग बरं." पावसाळ्यात पत्र्याखालची शिलाई मशीन सरकवून घे म्हणून आली, आणि खरोखर तिथं गळायला लागलं होतं. मी प्रत्येकीला उत्तर द्यायची, तोंडानंच. घरात कुणी नव्हतं, त्यामुळं लाज नव्हती.

सप्टेंबरपासून पडद्यावर दुसरीच पाटी यायला लागली. ही आवृत्ती जुनी झाली, हिला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत, नवी घ्या. लिनक्सवाल्यांचा एक मराठी गट होता, हे त्यात असायचे. त्यांच्याच फोनवरून मी वाचायला लागले. नवी आवृत्ती टाकलेले सगळे आपापले अनुभव सांगत होते. एकाचा आवाज गेला होता, एकाचा प्रिंटर रुसला होता, कुणाचं मशीन पिसासारखं हलकं झालं होतं, आणि एक गृहस्थ बटणांच्या जागा बदलल्या म्हणून चार दिवस भांडत होते. सुनांबद्दल बायका बोलतात तसंच सगळं. मला मजा वाटली, धीरही आला.

त्यांत दोन रीती सांगितल्या होत्या. जागच्या जागी जुन्याचं नवं करायचं, नाहीतर आपल्या फायली बाहेर काढून, सगळं पुसून कोरं टाकायचं. पहिल्या रीतीत जुना कचरा तसाच राहतो, असं कुणीतरी लिहिलं होतं. झालं, मला दुसरी पटली. मळक्या गोधडीला वरून नवी खोळ चढवणं मला जन्मात जमलेलं नाही. मला शिकवताना यांनी एक वही करून दिली होती, तिच्यातही लिहिलेलं होतं, "आपलं सगळं आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. लपलेल्या फायलीही घ्याव्यात. तेवढं जपलं की बाकीचं खुशाल पुसावं." खाली रेघ मारलेली.

गोधड्या वाळत होत्या त्या दुपारी मी ते काम केलं. लपलेल्या फायलींसकट सारं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, तीनदा ताडून पाहिलं. लेकीच्या लग्नाचे फोटो, यांच्या शाळेचे फोटो, सगळं होतं. मग पुसलं. अर्ध्या तासात नवा पडदा उजळला, निळा, नितळ. डिस्कवरचं सामान परत जागेवर ठेवलं. मी इतकी खूश झाले की गटावर स्वतःचा अनुभवही लिहून टाकला, "काही अडचण आली नाही." कुणीतरी लिहिलं, मास्तरांना समाधान वाटलं असतं. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले. मला वाटलं आवाज बारीक असेल. वाढवला. घड्याळ पाहिलं, बरोबर होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही काही नाही. मग गटावर विचारलं. एका भल्या माणसानं समजावून सांगितलं. वेळ लावलेल्या गोष्टी आपल्या फोल्डरमध्ये नसतात, त्या मशीनच्या स्वतःच्या जागेत असतात, आणि त्यातला मजकूरही तिथंच. सगळं पुसलं की तेही जातं, परत येत नाही. जागच्या जागी नवं केलं असतं तर राहिलं असतं. शेवटी त्यानं विचारलं, "ताई, काही महत्त्वाचं होतं का?" मी लिहिलं, "नाही."

त्या दिवशी मी जेवले नाही. आधी यांच्यावर संतापले. रेघ मारून ठेवली, आणि जे सांगायला हवं तेवढंच लिहायचं राहिलं. मास्तर माणूस, आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या. मग राग उतरला आणि माझाच हात डोळ्यांपुढं आला, पुसायच्या बटणावरचा. अंगणात सामान काढलं की रिकाम्या घराचा कोपरान् कोपरा दिसतो, काय राहिलं ते कळतं. मी त्याच भरवशावर होते.

दिवाळीला लेक पुण्याहून आली. "आई, एवढंच ना, पाच मिनिटांत लावून देते," म्हणाली आणि दिलीही लावून. आता नऊ वाजता "आई, गोळी घेतलीस का?" असं येतं. गुणाची आहे पोर. मी गोळी घेते. उत्तर देत नाही. राहिलेल्या वर्षात ज्या चिठ्ठ्या यायच्या होत्या त्यांचं तिला काही सांगितलं नाही, किती होत्या हे मलाच ठाऊक नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी माझा वाढदिवस असतो. एकतीस वर्षांत तो यांच्या एकदाही लक्षात राहिला नाही, आणि एकतीस वर्षं मी दोन दोन दिवस अबोला धरला. यंदा त्या दिवशी एकही ब्लाउज शिवला नाही. काही येणार नाही हे पक्कं माहीत असूनही सकाळपासून अंधार पडेपर्यंत पडद्यासमोर बसून राहिले. लिहून ठेवलं असेल, तर ते मी माझ्या हातानं पुसलं. विसरले असतील, तर यंदा मला रुसताही आलं नाही.