दर बुधवारी वारणारी बाई

पदनाम: वरिष्ठ संगणक अभियंता, श्रेणी एक. अनुभव: तेवीस वर्षे, पैकी अकरा सध्याच्या जागी. जबाबदारी: शहर बससेवेच्या अकराशे चालकांचे दैनिक ड्यूटी-पत्रक तयार करणाऱ्या प्रणालीची देखभाल, सुधारणा व तदनुषंगिक सर्व कामे. विशेष कामगिरी: कोणत्याही चालकास दोन ड्यूट्यांच्या दरम्यान अकरा तासांहून कमी विश्रांती मिळू नये, हा नियम सदर व्यक्तीने प्रणालीत स्वहस्ते लिहिला असून अद्यापपावेतो त्याचे एकदाही उल्लंघन झालेले नाही. वरिष्ठांचा शेरा: अपरिहार्य. याच अकरा वर्षांत सदर व्यक्तीने घेतलेली सलग सर्वांत मोठी रजा: चार दिवस. त्यातले दोन लॅपटॉपवर गेले.

ते चार दिवसही काही हौसेने घेतलेले नव्हते. पित्ताशयात खडे झाले होते आणि ते काढायला ऑफिसच्या वेळेनंतर यायची सोय सर्जनबाईंकडे नव्हती.

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे मेन स्विच. हे तिला ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. आपण बंद पडलो की सगळीकडे अंधार होतो, हे सुख एरवी फक्त वीज मंडळाच्या नशिबी. अकराशे ड्रायव्हर तिच्यामुळे पुरेसे झोपत आणि ती स्वतः जेवताना डाव्या हाताने फोन चाळत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि पुढचा भाग ती वाक्य पूर्ण होण्याआधी फोन घ्यायला उठून गेल्यामुळे तसाच राहायचा.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण मधे दादा आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, नऊ वर्षांनी मोठा, शिंपी. त्याचं दुकान म्हणजे एक लांब टेबल, दोन मशिनी, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्यावर गिऱ्हाईक कधीच बसत नसे, कारण त्यावर कापड असे. गेली दोन वर्षं त्याच्या दोन्ही किडन्या हळूहळू कामातून अंग काढून घेत होत्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास तो डायलिसिसच्या खुर्चीत बसायचा आणि उरलेल्या दिवसांत विजारी शिवायचा. तपासण्या झाल्या. बहिणीची किडनी जुळली. सर्जनबाईंनी नऊ आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि देणाऱ्यासाठी अट घातली: पुढे सहा आठवडे विश्रांती, म्हणजे विश्रांतीच.

ती संमतीचा कागद घेऊन दादाच्या सहीसाठी दुकानात गेली. दादाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या.

"मला तुझी किडनी नको."

"का? माझ्या किडनीला काय धाड भरलीये?"

"किडनीला नाही, मालकिणीला. पित्ताशयाच्या वेळी काय झालं? तिसऱ्या दिवशी मांडीवर लॅपटॉप. सहाव्या दिवशी टाके पिकले. अकराव्या दिवशी परत ॲडमिट, एकशे चार ताप. तुला काही आठवत नसेल. बाहेर बाकावर मी होतो."

"ते वेगळं होतं दादा. सर्व्हर—"

"सर्व्हर गेला की तू त्याच्या आधी वर जाऊन दार उघडतेस. नको मला. आणि तुझी किडनी ती. माझ्या पोटात येऊनसुद्धा सोमवारी दहाच्या मीटिंगला जायची."

कोपऱ्यात वहिनी शर्टाला काजं करत होती. तिने मान वर केली नाही. पण हातातली सुई थांबली ती थांबलीच.

"मग काय, असाच खुर्चीत बसून राहणार आहेस?" ताईचा आवाज चढला.

"बसलोय की दोन वर्षं. मी बसू शकतो. प्रश्न तुझा आहे." दादाने टेबलावरची पट्टी सरळ केली. "एक आठवडा. सोमवार ते शुक्रवार. ऑफिसात जायचं, खुर्चीत बसायचं, आणि कामात एक शब्द टाकायचा नाही. जमलं तर सही करतो."

"रजा घेते की सरळ."

"घरी बसलीस तर न्हाणीघरातून फोन करशील. कपडा हँगरवर बघून कळत नाही. अंगावर घालून बघावा लागतो."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. या माणसाने तिचा शाळेचा गणवेशसुद्धा तीनदा उसवून शिवला होता.

त्याच आठवड्यात ऑफिसात वार्षिक ध्येयांचे फॉर्म भरायचे होते. 'वैयक्तिक ध्येय' या चौकटीत सगळे दरवर्षी 'नेतृत्वगुण विकसित करणे' असं लिहीत, आणि वर्षाअखेरीस ते गुण कितपत विकसित झाले हे पाहायची कोणाची छाती होत नसे. तिने लिहिलं: 'दोन महिन्यांनी सहा आठवडे नसणे.'

साहेबांनी बोलावलं. साहेब सज्जन होते. वाईट बोलायचं असलं की आधी चहा मागवत. चहा आला.

"ताई, ही रजा झाली. ध्येय कसं, गाठायला कठीण पाहिजे."

"म्हणूनच तिथे लिहिलंय."

मग तिने कारण सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "अर्थात, अर्थात. घरचं आधी. काही काळजी करू नका." आणि ती दारापर्यंत पोचल्यावर, अगदी मनापासून: "पण मग विश्रांतीचा नियम कोण बघणार हो?"

आपण काय विचारलं हे त्यांचं त्यांना ऐकू आलं नाही. तिला मात्र आलं.

बुधवारचा शोध यातून लागला. तिच्या टीममध्ये तिच्याखेरीज चार जण. पैकी दोघांना आपण इथे बाजूला ठेवू, कारण ते स्वतःही नेहमी बाजूलाच असत. उरलेल्यांत एक 'नवीन'. ही मुलगी तीन वर्षांपूर्वी लागली. तिच्यानंतर कोणी लागलंच नाही, म्हणून ती नवीनच राहिली. दुसरा 'कवी'. त्याने आयुष्यात कविता केली नव्हती, पण दोन ओळींच्या प्रोग्रॅमवर तो सहा ओळींचं भावपूर्ण निवेदन लिहायचा. या सर्वांना समोर बसवून ताईने जाहीर केलं, "दर बुधवारी मी वारलेली असेन."

"कितीपासून?" कवीने विचारलं.

"साडेनऊपासून. मयत व्यक्ती खुर्चीत बसेल, चहा पिईल, पेपर वाचेल. उत्तर देणार नाही. मान हलवणार नाही. भुवईसुद्धा नाही. जे तुम्हाला कोणालाच येत नाही, ते फळ्यावर लिहायचं. गुरुवारी मी तोंडी सांगणार नाही, सगळ्यांच्या वहीत लिहून ठेवणार."

पहिल्या बुधवारी फळा दुपारी बारालाच भरला. दुसऱ्या बुधवारी कवी तिच्या टेबलाशी येऊन अदबीने वाकला आणि म्हणाला, "ताई, हो असेल तर एकदा खोका. नाही असेल तर दोनदा."

ताईने पेपरचं पान उलटलं.

"हे पान उलटणं म्हणजे हो का?"

"मेलेल्या बाईला छळू नकोस रे," नवीन पलीकडून ओरडली. "आणि ताई, तुम्ही पेपर उलटा धरलाय."

पाच बुधवार असे गेले. फळा दर खेपेला थोडा अधिक रिकामा राहू लागला, आणि याचं तिला जे वाटायला हवं होतं ते सगळं वाटलं नाही. दुसऱ्याला आपली गरज असणं, हे काही माणसाला सोडवत नाही. पाचव्या बुधवारी तर तिला कोणी काही विचारलंच नाही. घरी जाऊन ती नवऱ्याशी भाजीवरून भांडली.

मग दादाने घातलेल्या अटीचा आठवडा आला. सोमवार बिनबोभाट पार पडला. मंगळवारी दुपारी तीन वाजता डेपोच्या नियोजनबाईंचा फोन आला आणि नवीनने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अहो, तुमच्या कॉम्प्युटरला काय झालंय? उद्याच्या पत्रकात नऊ ड्रायव्हर आहेत. आज रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी ते गाडी लावणार, आणि पहाटे साडेपाचला त्यांनाच परत बोलावलंय! सहा वाजता पत्रक भिंतीवर लागतं माझं. त्याच्या आत सांगा, नाहीतर मी हाताने करते, आणि मग तुमचा कॉम्प्युटर तुमच्याकडेच ठेवा."

विश्रांतीचा नियम मोडला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ताईला कारण कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा चहाचा घोट गिळायला लागतो. बारानंतर संपणारी ड्यूटी संगणकाला समजत नसे. संपायची वेळ बारा-वीस पाहून तो धरून चाले की ड्रायव्हर आदल्या मध्यरात्रीच मोकळा झाला, म्हणजे दिवसभर झोपलेला आहे, म्हणजे ताजातवाना आहे. यावर तिने कधीकाळी घाईत एक उपाय केला होता. मध्यरात्र ओलांडणाऱ्या मार्गांची एक छोटी यादी. नवा मार्ग सुरू झाला की ती स्वतः, आठवणीने, त्याचा आकडा यादीत टाके. हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. कोणी विचारलेलंही नव्हतं. याला ती आजवर अनुभव म्हणत आली होती. आजपासून एकसष्ट नंबरचा मार्ग सुरू झाला होता, आकडा कालच टाकायला हवा होता, आणि काल ती वारलेली होती.

चार मिनिटांचं काम. उठायचं, एकसष्ट लिहायचं, बसायचं. दादाला कळणारही नव्हतं.

तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि मनाशी ठरवलं: सहाला दहा कमी असेपर्यंत. तोवर झालं नाही तर उठायचं, कारण नऊ अर्धवट झोपलेले ड्रायव्हर शहरात सोडण्याइतकी कोणाचीच किडनी मोठी नाही. मग दादाला जाऊन खरं सांगायचं, आणि तो नाही म्हणेल ते ऐकायचं.

पुढचे दोन-अडीच तास तिने काय केलं? कप विसळला. वाळलेला कप पुन्हा विसळला. कवी चुकीच्या फाईलमध्ये शिरला आणि तिथे अर्धा तास राहिला. तिने खुर्चीचे हात धरले. बाजूला ठेवलेल्या दोघांपैकी एकाने "सर्व्हरच बंद करून चालू करू या का?" असं सुचवलं, तिने डोळे मिटले. एकदा नवीन तिच्याकडे वळली, तोंड उघडलं, आणि मिटून परत फिरली. तो ताईचा सगळ्यात कठीण क्षण होता. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

पावणेपाचला नवीन म्हणाली, "थांबा. नऊच्या नऊ एकसष्टचे आहेत. पण अठ्ठावन्नसुद्धा बारानंतर पोचते की. अठ्ठावन्नचे बरोबर झोपतायत. अठ्ठावन्नला असं काय आहे जे एकसष्टला नाही?"

कवीने सगळ्या प्रोग्रॅममध्ये अठ्ठावन्न शोधायला घेतलं. बावीस मिनिटांनी एका कोपऱ्यात सापडलं. सात आकड्यांची उघडीवाघडी यादी, आणि खाली एकच ओळ: 'आणखी आल्यास इथे टाकणे.'

"कोणी टाकणे?" कवी मोठ्याने म्हणाला.

सगळ्यांनी ताईकडे न पाहण्याचा इतका प्रयत्न केला की तो दिसत होता. ताईचे कान लाल झाले. मयत व्यक्तीला लाज वाटू नये असा नियम करायचा राहून गेला होता.

त्यांनी एकसष्ट टाकला, पत्रक पुन्हा काढलं, चौघांनी नऊ नावं बोट ठेवून तपासली, आणि सहाला वीस कमी असताना ते डेपोत पोचलं. पण नवीन थांबली नाही. "उद्या बासष्ट आली तर? तेव्हा ताई खरंच नसतील," ती म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस तिने नि कवीने भांडत भांडत यादीच काढून टाकली. ड्यूटी सुरू झाली त्या वेळेत तास मिळवून शेवट काढायचा, मध्यरात्र कधी येते याच्याशी कर्तव्यच नाही. ताईने केलं असतं त्यापेक्षा ते लांबलचक झालं, वर कवीचं चौदा ओळींचं निवेदन. पण आता ते कोणाच्या आठवणीवर टांगलेलं नव्हतं. आणि दोघंही रोज सहाला घरी गेली.

शुक्रवारी ती दुकानात गेली. काही न लपवता सगळं सांगितलं, चूक आपलीच होती हेसुद्धा.

"त्यांना किती वेळ लागला?" दादाने विचारलं.

"दोन तास चाळीस मिनिटं."

"तुला?"

"चार."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"अगदी खोकलीससुद्धा नाहीस?"

"दादा!"

"नाही, विचारतो आपला. गिऱ्हाईक सांगतं ते सगळं खरं नसतं." त्याने कात्री खाली ठेवली. "आण तो कागद."

तो त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, गिऱ्हाइकाचं माप दोनदा घ्यावं तसा, आणि टेबलावरचा खडू बाजूला सारून सही केली. वहिनी उठली, स्टुलावरचं सगळं कापड तिने उचलून मशिनीवर टाकलं आणि म्हणाली, "बसा वन्सं."

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दादाची नवी किडनी तिसऱ्या तासापासून कामाला लागली; ती मीटिंगला जाते की नाही याबद्दल त्याने अजून तक्रार केलेली नाही. बहीण सहा आठवडे घरी होती. लॅपटॉप नवीनच्या कपाटात होता आणि किल्लीही तिच्याकडेच.

सातव्या सोमवारी ती ऑफिसात आली, लॅपटॉप घेतला आणि पासवर्ड टाकला. त्याची मुदत चार आठवड्यांपूर्वीच संपली होती. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.